नर्सिंग स्टाफचं पाठबळ आणि कामात लागणारं मन: मोजायचं कसं?

नर्सिंग स्टाफचा सर्व्हे करायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न पुढे येतो: आमच्या स्टाफची एंगेजमेंट, म्हणजे कामात मन लागणं, किती? उत्तरादाखल एक आकडा निघतो, तो प्रेझेंटेशनमध्ये जातो, कमी भरला तर एखादं प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं जातं. वॉर्डातला इन्फ्युजन पंप मात्र पूर्वीसारखाच शेजारच्या वॉर्डातून मागून आणावा लागतो.

हे मार्गदर्शन नर्सिंगच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, क्वालिटी विभागात नव्याने आलेल्यांसाठी आणि असा सर्व्हे पहिल्यांदाच अंगावर पडलेल्या इन्चार्ज सिस्टरांसाठी आहे. आग्रह एकच. मन किती लागतं हे मोजताना, ते लागावं म्हणून वॉर्डात काय काय मिळतं तेही त्याच वेळी आणि वॉर्डनिहाय मोजायचं. एंगेजमेंटचा एकटा आकडा माणसांवर शेरा मारून मोकळा होतो. शेजारी पाठबळाचा आकडा असला की चर्चा व्यवस्थेकडे वळते.

आधी तीन खाती वेगळी करा

पहिलं खातं भाराचं. रुग्णसंख्या, रात्रपाळ्या, रुग्ण उचलणं-वळवणं, मृत्यू जवळून पाहणं, नातेवाइकांचा संताप, तीच नोंद रजिस्टरात आणि पुन्हा संगणकावर. सगळा भार एका जातीचा नसतो. अत्यवस्थ रुग्ण सांभाळताना माणूस दमतो, पण तिथे कसब पणाला लागतं आणि समाधानही मिळतं. हरवलेला रिपोर्ट शोधण्यात गेलेला अर्धा तास नुसताच दमवतो. प्रश्न तयार करताना हे दोन प्रकार एकाच ओळीत कोंबू नका.

दुसरं खातं पाठबळाचं. इथे नवखे लोक फक्त वस्तू मोजतात: हातमोजे, मॉनिटर, व्हीलचेअर. त्या मोजायच्याच, पण इन्चार्ज अडचणीत पाठीशी उभी राहते का, डॉक्टर सिस्टरचं निरीक्षण ऐकून घेतात का, रोस्टर ठरताना स्टाफला शब्द असतो का, नवीन मशीन आल्यावर कुणी नीट शिकवतं का, चांगल्या कामाची कुणी दखल घेतं का, हेही पाठबळच. आत्मविश्वास, आशावाद अशी स्वतःची मानसिक शिदोरीसुद्धा संशोधक या खात्यात धरतात. पहिल्या सर्व्हेत ती घेऊ नका, असं माझं मत. ती घेतली की व्यवस्थापनाची नजर नेमकी तिच्यावर जाते आणि स्टाफ कमी आहे या तक्रारीला मनोबल वाढवण्याच्या कार्यशाळेनं उत्तर दिलं जातं.

तिसरं खातं मनाचं, म्हणजे एंगेजमेंटचं. यात तीन गोष्टी पाहतात: कामाला लागणारा जोम, कामाबद्दलचं समर्पण आणि कामातली तल्लीनता. समाधान यापेक्षा वेगळं. ड्युटीच्या वेळा सोयीच्या म्हणून समाधानी असलेली व्यक्ती कामात मनानं असेलच असं नाही. बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणानं पार थकून जाणं, ही नुसती उलटी केलेली एंगेजमेंट, असंही धरून चालू नका. कामावर जीव असलेली पण पार थकलेली सिस्टर कोणत्याही वॉर्डात सापडेल.

या विचारामागचा इतिहास थोडक्यात. माणूस कामात स्वतःला कधी झोकून देतो आणि कधी हात आखडता घेतो, यावर विल्यम कान यांनी १९९० मध्ये लेख लिहिला. त्यांचा अभ्यास होता एका समर कॅम्पवरच्या समुपदेशकांचा आणि एका आर्किटेक्चर फर्ममधल्या कर्मचाऱ्यांचा. नर्स त्यात नव्हत्या. पुढे २००१ मध्ये एव्हांगेलिया डेमेरूटी आणि सहकाऱ्यांनी भार आणि पाठबळ यांचं प्रारूप मांडलं. सेवाक्षेत्र, उद्योग आणि वाहतूक अशा तिन्ही प्रकारच्या कामांत त्यांना दिसलं की भार वाढला की थकवा वाढतो आणि पाठबळ कमी पडलं की माणूस कामापासून मनानं दूर जातो. तुमच्या सर्व्हेचा आराखडा याच दोन वाटांवर उभा राहील.

निर्णय कुणाच्या हातात, हे फॉर्मच्या आधी ठरवा

प्रश्नावली शोधायला बसण्याआधी एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला ज्या गोष्टी मोजायच्या आहेत त्या लिहा, उजव्या बाजूला त्या बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे ते. रोस्टर: मेट्रन आणि इन्चार्ज. उपकरणं: स्टोअर आणि बायोमेडिकल. स्टाफची संख्या: प्रशासन. डॉक्टरांशी संबंध: विभागप्रमुख. ज्या ओळीच्या उजवीकडे कुणाचंच नाव येत नाही, तो प्रश्न का विचारतोय हे स्वतःला विचारा. निव्वळ संशोधन असेल तर हरकत नाही, पण मग स्टाफला तसं स्पष्ट सांगा. प्रश्न विचारणं म्हणजे काहीतरी होईल असं न बोलता दिलेलं वचन असतं, आणि ते मोडलं की दुसऱ्या वेळी कोरे फॉर्म परत येतात.

व्यवस्थापनाला पटवायचं असेल तर हाताशी एक भक्कम अभ्यास ठेवा. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांची माहिती तपासली. शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबत, दर नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नर्सच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाबद्दलच्या नाराजीची १५ टक्क्यांनी वाढलेली होती. पाठबळ हा स्टाफच्या लाडाचा विषय आहे असं कुणी म्हणालं, तर हे आकडे पुढे ठेवा.

प्रश्नावली निवडताना

स्वतः प्रश्न लिहायचा मोह आवरा. निदान मुख्य भागासाठी तपासून पाहिलेली प्रश्नावलीच घ्या.

पाठबळासाठी नर्सिंगमध्ये सर्वांत जास्त वापरली जाते ती आयलीन लेक यांनी २००२ मध्ये बांधलेली पीईएस-एनडब्ल्यूआय, म्हणजे नर्सच्या कामाचं वातावरण मोजणारी प्रश्नावली. तिच्यात ३१ विधानं आहेत आणि पाच गट: रुग्णालयाच्या कारभारात नर्सचा सहभाग (९), दर्जेदार शुश्रूषेचा पाया (१०), नर्स मॅनेजरची क्षमता, नेतृत्व आणि पाठिंबा (५), स्टाफ आणि साधनांचा पुरेपणा (४), डॉक्टर-नर्स संबंध (३). उत्तर १ ते ४ मध्ये, पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत. मधला २.५ हा उंबरठा धरतात.

एंगेजमेंटसाठी उट्रेख्ट मापनी, म्हणजे यूडब्ल्यूईएस. विल्मार शाउफेली आणि सहकाऱ्यांची ही मापनी १७, ९ आणि ३ प्रश्नांच्या रूपांत मिळते. वॉर्डासाठी ९ प्रश्नांची घ्या. जोम, समर्पण आणि तल्लीनतेला प्रत्येकी तीन. ही ९ प्रश्नांची आवृत्ती २००६ मध्ये १० देशांतल्या माहितीवर बेतली होती. उत्तर ० ते ६: ० म्हणजे कधीच नाही, ६ म्हणजे रोज. संशोधनासाठी, नफ्याचा हेतू नसेल तर, ती मोफत वापरता येते. व्यावसायिक वापराला लेखी परवानगी लागते.

थकवाही मोजायचा असेल तर मास्लाक यांची बर्नआउट प्रश्नावली प्रसिद्ध आहे, पण तिला पैसे मोजून परवाना घ्यावा लागतो. कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी मोफत आहे, १९ प्रश्नांची, आणि तिच्यात रुग्णांशी संबंधित थकव्याचा वेगळा भाग आहे. नर्सिंगसाठी मला तीच जास्त कामाची वाटते.

तिन्हींची बेरीज केली तर ५९ प्रश्न होतात. नाईट संपवून आलेल्या माणसासाठी हे फार आहेत. पहिल्या फेरीत पाठबळ आणि एंगेजमेंट एवढंच घ्या, म्हणजे ४० प्रश्न. थकवा हवाच असेल तर कोपनहेगनच्या प्रश्नावलीतला कामासंबंधीचा ७ प्रश्नांचा भाग जोडा. आणि प्रश्नावली लांबली म्हणून मधलीच चार-दोन विधानं आपल्या मर्जीनं गाळू नका. गाळलात तर इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. गाळायचा तर अख्खा गट गाळा आणि अहवालात तसं लिहा.

तुमच्या वॉर्डाची स्वतःची यादी

तयार प्रश्नावली साधनं पुरेशी आहेत का एवढंच विचारते. नेमकं काय कमी पडतं हे तिच्यातून कळत नाही. म्हणून शेवटी सात-आठ प्रश्नांची स्वतःची यादी जोडा, आणि मतं विचारण्याऐवजी घटना विचारा. ‘उपकरणं चांगल्या स्थितीत असतात का?’ या प्रश्नाला माणूस स्वभावानुसार उत्तर देतो. त्याऐवजी असं विचारा: गेल्या ७ ड्युट्यांपैकी किती ड्युट्यांमध्ये एखादं उपकरण दुसऱ्या वॉर्डातून मागून आणावं लागलं? किती ड्युट्यांमध्ये जेवणाची सुट्टी पूर्ण मिळाली? कितींमध्ये वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागलं? कितींमध्ये करायची राहून गेलेली काळजी, म्हणजे कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, रुग्णाला समजावून सांगणं, पुढच्या पाळीवर ढकलावी लागली? शून्य ते सात यातला एक आकडा, बस्स.

ही यादी बनवायला वॉर्डात तासभर बसा. स्टोअरच्या इंडेंट बुकात महिनोन्महिने ‘एन.ए.’ (उपलब्ध नाही) शेरा कशापुढे पडतोय ते बघा. तुमच्या यादीतले निम्मे प्रश्न तिथेच मिळतील.

भाषांतर आणि चाचणी

स्टाफला इंग्रजी येतं म्हणून इंग्रजी फॉर्म द्यायचा, हा आळस आहे. इंग्रजीत केस पेपर लिहिणं वेगळं आणि मनाची अवस्था सांगणं वेगळं. आपल्या भाषेतली तपासलेली आवृत्ती उपलब्ध आहे का ते आधी पाहा. नसेल तर दोघांकडून स्वतंत्र भाषांतर करून घ्या, एक वॉर्ड माहीत असलेला आणि एक भाषेचा जाणकार. दोन्ही मिळवून एक मसुदा करा. तिसऱ्याकडून तो मूळ न दाखवता परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ विधानांशी ताडून पाहा.

पण खरी परीक्षा यानंतरची. पाच-सहा जणींना फॉर्म द्या आणि प्रत्येक विधानापाशी विचारा: हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? काम पुरं होण्याइतका स्टाफ असतो, अशा आशयाच्या विधानाला एखादी सिस्टर सहज ‘सहमत’ लिहून जाते. कसं काय, म्हणून विचारलं तर म्हणते, ‘काम पुरं होतंच की हो. दीड तास जास्त थांबतो ना आम्ही.’ कागदावर तिचं उत्तर चांगल्या वॉर्डाचं, वस्तुस्थिती उलटी. इथे ‘ठरलेल्या ड्युटीच्या वेळेत’ एवढे शब्द भाषांतरात आणायचे की नाही हे मूळ विधानाचा अर्थ न बिघडवता ठरवावं लागतं. नाहीच आणता आले तर तीच गोष्ट तुमच्या स्वतःच्या यादीत वेगळी विचारा.

‘वरिष्ठ’ हा शब्दही असाच गोंधळाचा. कुणाला इन्चार्ज आठवते, कुणाला मेट्रन, कुणाला डॉक्टर. फॉर्मच्या वरच एक ओळ छापा: या फॉर्ममध्ये वरिष्ठ म्हणजे तुमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज. तसंच एका वाक्यात दोन प्रश्न नकोत. ‘इन्चार्ज आणि डॉक्टर सहकार्य करतात’ याला हो म्हणावं की नाही, हे उत्तर देणाऱ्याला कळत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही.

नाव न लिहिताही ओळख पटते

सर्वांत जास्त सर्व्हे इथे फसतात. फॉर्मवर नाव नाही, पण वॉर्ड, वय, शिक्षण, अनुभवाची वर्षं, लिंग, नोकरी कायम की कंत्राटी, एवढं सगळं आहे. आयसीयूतला, अमुक वयाचा, कंत्राटी ब्रदर एकच असतो. त्याला हे फॉर्म हातात घेताच कळतं आणि तो सगळीकडे मधलं उत्तर लिहून मोकळा होतो.

म्हणून व्यक्तिगत माहिती कमीत कमी घ्या. वॉर्ड हवाच, कारण सगळं विश्लेषण त्याच्यावर उभं आहे. त्याखेरीज अनुभव, तोही रुंद गटांत: दोन वर्षांपर्यंत, दोन ते दहा, दहाच्या वर. पाळीचा प्रकार हवा असेल तर अनुभवाचा प्रश्न सोडा. बाकीचं सोडून दिलंत तर काही बिघडत नाही. वयानुसार एंगेजमेंट किती याचा तक्ता आजवर कुठल्या वॉर्डाच्या उपयोगी पडला आहे?

दुसरा नियम: पाचपेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा आकडा कुठेच दाखवायचा नाही, दहा ही मर्यादा धरली तर अधिक चांगलं. छोटा वॉर्ड असेल तर सारख्या स्वरूपाच्या दोन युनिटची उत्तरं एकत्र करा. हा नियम फॉर्मच्या पहिल्या पानावर छापा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला भरवसा येतो आणि नंतर ‘फक्त मला दाखवा’ म्हणणाऱ्या साहेबांना तुम्ही छापील ओळ दाखवू शकता.

फॉर्म इन्चार्जमार्फत वाटू नका, तिच्यामार्फत गोळा तर मुळीच करू नका. कुलूप लावलेली पेटी ठेवा किंवा ऑनलाइन लिंक द्या. ऑनलाइन देताना ईमेल गोळा करण्याचं सेटिंग बंद आहे ना ते स्वतः फॉर्म भरून तपासा. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सहभाग ऐच्छिक असल्याची संमती, दोन्ही सर्व्हे सुरू होण्याआधी.

कधी आणि कुणाला

नमुना काढत बसू नका, सगळ्यांना विचारा. वॉर्डात वीस-पंचवीस माणसं असतात, त्यातली निम्मी निवडली तर हाती काही उरत नाही. नाईट करणारे, कंत्राटी, बदली स्टाफ, नव्यानं रुजू झालेले, सगळे धरा. मात्र वॉर्डात महिनाभरही न झालेल्यांची उत्तरं वेगळी ठेवा. त्यांनी अजून वॉर्ड पाहिलेलाच नसतो.

दोन ते तीन आठवडे मुदत पुरते. तपासणी, मूल्यांकन, पगारवाढ, मोठी बदल्यांची यादी यांच्या तोंडावर सर्व्हे घेऊ नका. हँडओव्हरच्या वेळी फॉर्म भरून घेणं सोयीचं दिसतं, पण तेव्हा एकीचं लक्ष घड्याळाकडे आणि दुसरीचं येणाऱ्या रुग्णांकडे असतं. ड्युटीच्या वेळेतच, पण वॉर्डाबाहेर बसून पंधरा मिनिटं मिळावीत अशी व्यवस्था करा. ती वेळ प्रशासन देतं की नाही यावरूनच त्यांचा हेतू बराचसा कळतो.

किती जणांनी उत्तर दिलं हे वॉर्डनिहाय आणि शक्य तर पाळीनिहाय नोंदवा. २४ पैकी १७ जणांनी फॉर्म भरला म्हणजे ७१ टक्के, दिसायला छान. पण राहिलेल्या सातही जणी नाईटच्या असतील तर तुमचा आकडा दिवसाच्या वॉर्डाचा आहे.

याच काळात कागदोपत्री नोंदीही गोळा करून ठेवा: दर पाळीत नर्समागे रुग्ण, जादा तास, आजारपणाच्या रजा, सहा महिन्यांतले राजीनामे. सर्व्हेत फक्त टिकून राहिलेली माणसं असतात. ज्यांना सोसलं नाही ती निघून गेलेली असतात, आणि त्यांची खूण राजीनाम्याच्या फाइलीतच मिळते.

गुण काढणं

एक्सेल पुरतं. प्रत्येक ओळ एक व्यक्ती, प्रत्येक रकाना एक प्रश्न. उलट्या अर्थाचे प्रश्न आधी उलटवून घ्या. पीईएस-एनडब्ल्यूआय आणि यूडब्ल्यूईएसमध्ये तसे नाहीत, पण कोपनहेगनच्या कामासंबंधीच्या भागात एक आहे. मोकळ्या सोडलेल्या उत्तरांचं काय करायचं हे आधीच ठरवा: गटातल्या निम्म्याहून जास्त प्रश्नांना उत्तर असेल तर त्यांची सरासरी, नाहीतर तो गट रिकामा. एखाद्या वॉर्डात नेमका इन्चार्जबद्दलचाच भाग बऱ्याच जणांनी कोरा सोडला असेल तर ती हयगय समजू नका. ते उत्तरच आहे.

आता यूडब्ल्यूईएसचं एक काल्पनिक उदाहरण. एका सिस्टरची उत्तरं: जोम ३, २, ४, समर्पण ५, ५, ६, तल्लीनता ४, ५, ४. सरासरी काढली तर जोम ३.०, समर्पण ५.३, तल्लीनता ४.३, एकूण ४.२. एकूण आकडा पाहिला तर सगळं ठीक. आत पाहिलं तर कामावर जीव आहे आणि अंगात त्राण नाही. पूर्ण वॉर्डाचं चित्र असं आलं तर प्रेरणेचं भाषण ठेवणं हा त्यांचा अपमान होईल. रोस्टर आणि रुग्णसंख्या तपासायला हवी. तिन्ही भाग एकमेकांशी बरेच जुळतात म्हणून संशोधनात अनेकदा एकच एकूण गुण वापरतात. वॉर्डाच्या बैठकीत मात्र तीन आकडे वेगवेगळे दाखवा.

पाठबळाचंही तसंच. समजा एका वॉर्डाचे पाच गट असे आले: सहभाग २.१, शुश्रूषेचा पाया २.८, मॅनेजरचा पाठिंबा ३.२, स्टाफ आणि साधनं १.८, डॉक्टरांशी संबंध २.७. पाचांची सरासरी २.५२, म्हणजे उंबरठ्याच्या किंचित वर, कुणाला काळजी वाटणार नाही असा आकडा. पण तीन गट २.५ च्या वर आणि दोन खाली आहेत. लेक आणि फ्रीझ यांनी २००६ मध्ये सुचवलेल्या वर्गवारीत चार किंवा पाच गट वर असतील तर वातावरण अनुकूल, दोन-तीन असतील तर संमिश्र, एक किंवा एकही नसेल तर प्रतिकूल. हा वॉर्ड संमिश्र, आणि चांगली इन्चार्ज कमी स्टाफवर पांघरूण घालते आहे. ती बदलून गेली की काय होईल याचा अंदाज या पाच आकड्यांत आहे.

प्रत्येक गटाचा क्रोनबाख अल्फा, म्हणजे गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, काढा. तो ०.७ च्या वर असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. नव्या भाषांतरात एखाद्या गटाचा अल्फा खूप खाली आला तर बहुधा एखाद्या विधानाचा अर्थ लोकांनी वेगळा घेतलाय. त्याच्याकडे परत जा.

आकडे वाचताना

वॉर्डांची क्रमवारी लावायची घाई नको. मेडिसिन वॉर्डात १२ जणांची सरासरी ३.९ आणि सर्जरीत १२ जणांची ४.२ आली, आणि उत्तरांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे १.१ असलं, तर दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो फरक नुसत्या योगायोगानं किती हलू शकतो याचं माप, जवळपास ०.४५ निघते. म्हणजे त्याच्या दुप्पट, सुमारे ०.९ पर्यंतचा फरक योगायोगानंही पडू शकतो. ०.३ साठी कुणाचा सत्कार नको आणि कुणाची झाडाझडतीही नको.

वॉर्डाच्या आतली उत्तरं आपसात जुळतात का हेही पाहा. स्टाफच्या पुरेपणाबद्दल निम्मे लोक १ आणि निम्मे ४ म्हणत असतील तर सरासरी २.५ कुणाचंच खरं सांगत नाही. बहुधा दिवस आणि रात्र असे दोन वेगळे वॉर्ड एका नावाखाली नांदत असतात.

पाठबळ आणि एंगेजमेंट यांचा संबंध चांगला घट्ट दिसेल, पण जरा सबुरीनं घ्या. एकाच माणसानं एकाच बैठकीत दोन्ही भाग भरले आहेत. त्या दिवशीचा मूड दोन्हीकडे उतरतो आणि संबंध आहे त्याहून घट्ट दिसतो. दिशाही ठरवता येत नाही: पाठबळ असल्यानं मन लागतं, आणि मन लागलेली माणसं पाठबळ मिळवायलाही धडपडतात. इथेच रजा, जादा तास आणि नर्समागे रुग्ण या कागदोपत्री नोंदी कामाला येतात, कारण त्या फॉर्ममधून आलेल्या नाहीत.

वॉर्डाकडे परत

फॉर्म जमा झाल्यापासून चार ते सहा आठवड्यांत आकडे वॉर्डात न्या. प्रत्येक वॉर्डाला त्याचे स्वतःचे आकडे आणि पूर्ण रुग्णालयाची सरासरी, एवढंच. बैठक दोनदा घ्या, नाहीतर नाईटवाल्यांना काहीच कळत नाही. एक पान पुरे: पाठबळाचे पाच गट, एंगेजमेंटचे तीन आकडे आणि त्यांच्या स्वतःच्या यादीतल्या घटना. लोक त्या घटनांवरच बोलतात. ‘७ पैकी ५ ड्युट्यांमध्ये पंप मागून आणावा लागला’ हे वाक्य वाचलं की कुणीतरी पंप कुठे अडकलेत ते सांगतंच.

स्पष्टीकरण तुम्ही देऊ नका. हे आकडे तुम्हाला बरोबर वाटतात का, कुठे चुकलेत, असं विचारा आणि लिहून घ्या. मग दोनच गोष्टी निवडा: एक वॉर्ड स्वतः करू शकेल अशी, उदाहरणार्थ रोस्टरमध्ये लागोपाठच्या नाईटची मर्यादा किंवा दोनदा लिहावी लागणारी एक नोंद बंद करणं, दुसरी वरून मंजुरी लागणारी, तिच्यापुढे अधिकाऱ्याचं पद आणि तारीख. मंजुरी नाकारली गेली तर तेही कारणासह वॉर्डाला कळवा. नकार समजला तर स्टाफ रागावेल, पण पुढचा फॉर्म भरेल.

पुन्हा मोजणी सहा ते बारा महिन्यांनी, तीच विधानं, तोच क्रम, तीच भाषांतराची आवृत्ती. मध्ये वाटलं तर ३ प्रश्नांची यूडब्ल्यूईएस घ्या, त्याहून जास्त छळू नका. त्याच व्यक्तीची दोन्ही उत्तरं जोडायची असतील तर तिलाच एक संकेतांक बनवू द्या, जसं आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मोबाइल नंबरचे शेवटचे दोन अंक. त्याची यादी तुमच्याकडे नकोच. छापलेल्या फॉर्मची एक प्रत, गुण काढण्याचे नियम आणि वॉर्डनिहाय प्रतिसादाचा तक्ता एका फाइलीत ठेवा. मधल्या काळात इन्चार्ज बदलली, बेड वाढले, नवं सॉफ्टवेअर आलं, तर ती तारीखही त्याच फाइलीवर लिहा. दुसऱ्या फेरीत आकडा वर गेला की खाली आला, हे वाचताना सर्वांत आधी तीच ओळ शोधावी लागणार आहे.